कावळ्याला दिलेला शब्द

मी हौसेनं मुंबई बघाया गेले, असं आमच्या कान्हे गावात अजून बोलत्यात. बोलू द्या. लोकांच्या तोंडाला काय झाकण लावता येतंय? भाऊ जाऊन वरीस सरलं न्हाई, विधवा भावजय बरोबर, आन् ही सरूबाई चालली राणीचा बाग बघाया! तुमी इच्चारलं म्हणून सांगते, न्हाईतर मी कुणाला सांगत बसत न्हाई. हौस व्हती का काय व्हतं, त्ये ऐकून तुमीच ठरवा.

अंबाजी माझा धाकटा भाऊ. आई गेली तवा त्यो रांगत व्हता. त्याला कडेवर मारून मी शेण्या थापल्या, भात लावलं, त्याचं नाक पुसलं, ढुंगण धुतलं. पुढं माझं लगीन झालं, नवरा वर्साच्या आत गेला, आन् सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून मला हाकलली. चुलते म्हणले, आता हिचं काय करायचं? अंबाजीला तवा मिसरूड बी फुटलं नव्हतं. त्यो म्हणला, "करायचं काय त्यात? आक्का हितंच ऱ्हाईल." झालं, विषय मिटला. मी तोंडाची फटकळ, निम्मा गाव मला बिचकून असायचा, पर त्यो माझ्यावर कदी चिडला न्हाई का कदी उलटून बोलला न्हाई. मी बस म्हणलं की बसायचा, ऊठ म्हणलं की उठायचा. मोठा झाला, रेल्वेत लागला, एका पोरीचा बाप झाला, तरी तसाच.

रेल्वेत म्हंजी खंडाळ्याच्या घाटात, लाइनीवर. हातात लाल-हिरवं निशाण घेऊन बोगद्यापाशी हुबं ऱ्हायचं, रूळ बघायचं, दरड आली का बघायची. सुट्टीला घरी आला की जेवण झाल्यावर ओट्यावर बसायचा आन् भुईमुगाची टरफलं मांडायचा. "आक्का, ह्ये कामशेत. हितनं बिजलीच्या गाडीत बसायचं. ह्ये बोरीबंदर. ही परळातली, चुलत्यांच्या गेणूची खोली. मंग मुंबादेवी. मंग राणीचा बाग, तितं हत्ती हाये. मंग समिंदर. आन् माघारी येताना घरी यायचं न्हाई बरं का. लोणावळ्याला उतरायचं आन् सरळ डोंगरात घुसायचं, करंजवाडीला."

करंजवाडी म्हंजी रतनचं, त्याच्या बायकूचं माहेर. राजमाचीच्या वाटेला आत डोंगरात मूठभर घरं. मी म्हणायची, "आरं, मुंबई बघून झाल्यावर त्या दगडाधोंड्यात काय बघायचं?" त्यो हसायचा. "सगळ्यात भारी तितंच हाये, आक्का. करंजवाडीच्या कड्यावरनं समोर आमचा घाट दिसतो. रतन ल्हानपणापासनं तितं गुरं राखत गाड्या बघायची. त्याच गाड्यांना मी निशाण दावत व्हतो. दोघं समोरासमोर, आन् एकमेकाला ठावं न्हाई. मला एकडाव तिच्या बाजूनं बघायचंय." आन् शेवटचं टरफल कड्याचं म्हणून मांडायचा. रतन पदर तोंडाला लावून आत पळायची. शालू, त्यांची पोरगी, एक टरफल पळवायची आन् मंग बोरीबंदरच घावायचं न्हाई.

दर साली ठरायचं, दर साली मोडायचं. सायेब रजा देईना, आन् रजा मिळाली तर नेमकी लावणी आलेली. भादव्यात त्याला मुदतीचा ताप आला. ताप काय उतरला न्हाई.

दहाव्याला आमी सगळी इंद्रायणीवर गेलो. पिंड मांडला, बाजूला सरलो. कावळा आला, करंजाच्या फांदीवर बसला आन् बसूनच ऱ्हायला. तुमाला ठावं हाये, कावळा शिवला न्हाई म्हंजी गेल्याल्याचं काय तरी मागं अडकलंय. मंग ज्यानं त्यानं हात जोडून बोलायचं, कबूल करायचं, आन् त्याच्या मनातलं बरोबर घावलं की कावळा शिवतो. चुलते म्हणले, "शेताला अंतर देणार न्हाई." कावळा हलला न्हाई. गेणू, आमचा चुलतभाऊ, म्हणला, "शालूचं लगीन थाटात लावू." न्हाई. रतनचा बाप कोंडाजी डोळं पुशीत म्हणला, "माझ्या लेकीला मी संबाळीन, जावाई." न्हाई. ऊन डोक्यावर आलं, पोरं भुकेनं रडाया लागली, आन् कावळा आपला मान वाकडी करून माझ्याकडंच बघतोय.

मला राग आला. दुःखाचा माझ्याकडं रागच व्हतो, त्याला मी काय करू? मी फुडं गेले आन् वरडले, "आरं, ती तुझी मुंबईच ना? नेते! रतनला नेते, पोरीला नेते, पार करंजवाडीच्या कड्यापतुर सगळं दावते! आन् तू बी चल संगं! तुला बी नेते, मंग तर झालं?"

माझं तोंड मिटायच्या आत कावळा खाली आला आन् त्यानं पिंड मधोमध फोडला.

लोकांनी सुस्कारा टाकला, धोतरं झटकली, चालाया लागली. कोंडाजी तेवढा मागं ऱ्हायला. म्हणला, "सरूबाई, त्याला कशाला बोलावलं?"

"आवो आबा, बोलायची एक पद्धत असती."

"दहाव्याला दिलेल्या शब्दात पद्धत नसती," म्हातारा म्हणला. मी त्याला गप बसवलं.

त्यानंतर रतन म्हणाया लागली, "त्ये सपनात येत्यात आक्का. इच्चारत्यात, कवा निघायचं?" सुगी झाली, भात घरात आलं. गेणू मुंबईत डबं पोचवायचा, त्यो सुगीला आला व्हता आन् माघारी निघाला व्हता. मी म्हणलं, चला. शब्द दिलाय तर उरकून टाकू. गावानं नाकं मुरडली. मी एकीला इच्चारलं, "तुझ्या नवऱ्याचा कावळा आडून बसला तर तू काय करशील?"

कामशेताला गाडीत बसलो. डब्यात माणसं खच्चून, तरी रतनच्या शेजारी बाकावर एका माणसाची जागा मोकळी. कोणी यायचं, बघायचं आन् फुडं जायचं. लोणावळ्याला एक बाई चढली, चष्मावाली, मास्तरीण असावी. मी सरकून म्हणलं, "बसा की हितं."

तिनं त्या मोकळ्या जागेकडं बघितलं आन् म्हणली, "नको हो, त्यांना कशाला उठवता? मी उभी राहीन."

मी बघितलं. नुसती फळी. रतन खाली बघून हसत व्हती. गाडी बोगद्यात शिरली, भाईर निघाली, आन् रतननं शालूला खिडकीशी वढली. "बघ, बाबा हितं हुबा ऱ्हायचा निशाण घेऊन."

शालू म्हणली, "बाबा तर हितं बसलाय."

गेणूनं पेटवल्याली विडी तशीच खिडकीतनं टाकून दिली.

मी खरं सांगते, भ्याले तर व्हतेच. पर भ्यायच्या आधी मला वाईट वाटलं. त्यो बायकूला दिसतो, पोरीला दिसतो, गाडीतल्या कुठल्या परक्या बाईला दिसतो, आन् मला न्हाई? मी काय त्याचं कोणी न्हवते? त्या बाकाकडं बघून बघून माझं डोळं दुखाया लागलं.

परळात गेणूच्या खोलीवर उतरलो. खाली बयाबाईची खानावळ, तिच्याकडंच मावळातली सगळी डबेवाली जेवायची. तिनं आमची ताटं वाढली, शिवाय एक जास्ती, आन् म्हणली, "त्यास्नी बोलवा की. किती येळ हात धुत्यात?"

"कोण?"

"हिच्या संगं आल्यालं." मंग तिनं रतनच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, आन् गुमान त्ये ताट उचलाया लागली. रतननं तिचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या," म्हणली, आन् आपल्या ताटातली भाकर त्या ताटात सारली. शालूनं बी सारली. दोघी नुसतं पाणी प्याल्या आन् उठल्या. दर जेवणाला ह्येच. ताट तसंच्या तसं ऱ्हायचं, पर बयाबाई सांगायची, त्यातलं अन्न कुत्रं बी हुंगत न्हाई.

मुंबादेवी झाली. राणीच्या बागेत गेलो. तितं झाडी लय, गार सावली, गोरी पोरं चेंडू खेळत व्हती. मी गेणूसंगं मागनं चालले व्हते. हत्तीपाशी रतन हसली. अंबाजी गेल्यापासनं पहिल्यांदा, खळखळून. मला बरं वाटलं, म्हणलं हसू दे बाई. आन् मंग माझं ध्यान शालूकडं गेलं. पोरीचा एक हात आईच्या हातात आन् दुसरा वर उचलल्याला. मूठ मिटल्याली. उंच माणसाचं बोट धरून पोर चालतं ना, तसा. चालता चालता मधीच ती त्या हाताला लोंबकळली, आन् पाय जमिनीवरनं उचललं गेलं.

मी पळत जाऊन त्यो हात खाली वढला. गार व्हता, भर उन्हात. शालूनं मला ढकललं. "आत्या, बाबाला मारू नगं!" म्हणली. गेणू तितंच बाकड्यावर बसला आन् म्हणला, "सरूआक्का, तुमी उद्याच जावा. मला ह्ये झेपत न्हाई."

समिंदरावर मीच बोलायला सुरुवात केली. वाळूत बसलो व्हतो, फुटाणं घेतलं व्हतं, रतन एकेक फुटाणा शेजारी वाळूत ठेवत व्हती. तिच्या हाताची हाडं दिसाया लागली व्हती. तोंड मात्र उजळल्यालं, नव्या नवरीगत. मी म्हणलं, "झाली मुंबई. उद्या निघू."

"न्हाई आक्का. अजून महालक्षुमी ऱ्हायली. आन् त्यो अजबखाना. आन् बंदरावरची बोट."

"ह्यातलं एक बी त्यानं कदी मांडलं नव्हतं. टरफलं मी बी बघितल्यात. मला शिकवू नगंस."

ती हळूच म्हणली, "शेवटचं झालं की त्ये जातील. म्हणून मी वाढवते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणलं, "रतन, जाऊ दे त्याला. तू खात न्हाईस, पोरगी खात न्हाई. तिचं अंग बघ कसं तापलंय. तुमी दोघी मराल अशानं."

"मराया काय व्हतंय," ती म्हणली, भाजीचा भाव सांगावा तशी. "कड्यावर गेल्यावर मी संगंच जाणार हाये. मी इच्चारलंय त्यास्नी. त्ये काय बोलत न्हाईत, पर न्हाई बी म्हणत न्हाईत."

"आन् शालू?"

"शालू म्हणती, बाबाचा हात मी सोडणार न्हाई."

आता सांगा, माझं काय झालं असंल? मुंबईत ऱ्हावं तर दोघी झिजून मरत्यात, कड्यावर जावं तर दोघी उडी घेत्यात. आन् ह्ये सगळं कुणी वढवून घेतलं? ह्याच तोंडानं. बसल्या बसल्या मी ठरवलं, शब्द गेला खड्ड्यात. करंजवाडीला जायचंच न्हाई. लोणावळ्याला उतरायचं न्हाई. सरळ कामशेत, सरळ घर, आन् दाराला कडी. मेल्याल्या माणसाला दिल्याला शब्द मोडल्याचं पाप मला लागू दे. माझं काय उरलंय?

रतनला मी म्हणलं, "चल, डोंगरात जाऊ." गेणूनं कामशेताची तिकिटं काढून दिली आन् बोरीबंदरावरनं पाठ फिरवून गेला. वाटभर रतन खुशीत. घाट चढला, लोणावळं आलं. मी दार आडवून बसले, रतनचं मनगट धरलं. म्हणलं, "हितं गर्दी हाये, फुडल्या ठेसनाला उतरू." आन् बघते तर शालू खाली! फलाटावर, एक हात वर, टुकूटुकू चाललीय. कशी उतरली, कुणी उतरवली, देवाला ठावं. रतननं हात हिसकला आन् तिच्या मागं गेली. मी गाठोडं घेऊन चालत्या गाडीतनं उतरले, पडले, गुडघा फुटला.

आन् फाटकापाशी कोंडाजी हुबा.

"आबा, तुमी कसं हितं?"

"निरोप आला की. काल लाइनीवरचा एक गडी वाडीत आला, म्हणला उद्या येत्यात, घ्यायला या."

"कोण गडी?"

"तोंड काय दिसलं न्हाई. पाठमोराच बोलला आन् गेला. हातात निशाण व्हतं." एवढं बोलून म्हातारा थांबला. त्याला बी तितं कळलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आन् माझ्या हातातलं गाठोडं घेतलं.

डोंगराची वाट चढत गेलो. शालूला मी उचलून घेतलं. तिचं अंग भाजत व्हतं आन् वजन कायच न्हाई. पर तिचा एक हात माझ्या खांद्यावरनं मागं लोंबत व्हता, आन् कोणी तरी त्यो धरून मागनं चाललंय असं मला सारखं वाटत व्हतं. एक डाव मी वळले आन् म्हणलं, "अंबाजी, हाईस का रं?" वाऱ्यानं गवत हललं. आणिक काय न्हाई.

करंजवाडीत कोंडाजीला सगळं सांगितलं. त्यो म्हणला, "दोघं मिळून राखू. सकाळी भगताला आणतो." दिवस मावळला तवापासनं आमी आळीपाळीनं दारात बसलो. रतन शांत झोपली. उजाडल्यावर कोंडाजी भगताकडं गेला. मी दार लावून झऱ्यावर घागर भरायला गेले, झरा अंगणाच्या कडंलाच. माघारी आले, दार सताड उघडं.

कड्याकडं मी कशी पळाले, मला आठवत न्हाई. फुटक्या गुडघ्यानं पळाले. कडा म्हंजी फुडं निस्ता वारा, खाली कोकण धुक्यात बुडल्यालं, आन् समोर, लांब, घाट. रतन पार टोकाला हुबी. शालू तिच्या बाजूला. पोरीचा एक हात आईच्या हातात, दुसरा वर. दोघींची तोंडं समोर. तेवढ्यात पल्याड बोगद्यातनं गाडी भाईर आली, मुंगळ्यांची रांग निघावी तशी.

रतन आनंदानं वरडली, "बघितलं का? हितनं बघायची मी! हितनंच!"

ती माझ्याशी बोलत नव्हती. तिनं पाय फुडं सरकवला. मी लय लांब व्हते. पळत गेले असते तर पोचले नसते. मंग मला जे येतं त्येच मी केलं. वरडले. रतनवर न्हाई. त्याच्यावर.

"अंबाजी! हाईस ना तितं? मंग ऐक! मी तुला संगं नेते म्हणले व्हते. नेलं! मुंबई दावली, हत्ती दावला, समिंदर दावला, तुझी ती बायकूच्या बाजूची गाडी बी दावली. तिला न्यायचं कुणी कबूल केलं नव्हतं, पोरीला न्यायचं कुणी कबूल केलं नव्हतं! आन् तुला माघारी आणीन असं मी म्हणले नव्हते! तुझी सहल झाली. आता तू हितनं फुडं एकला जायाचं. मी सांगते म्हणून जायाचं! सोड पोरीचा हात. सोड म्हणते ना!"

शालूचा हात खाली पडला.

पोरगीनं वर बघितलं, मंग हाताकडं बघितलं, आन् मट्कन खाली बसून भोकाड पसरलं. रतन गर्रकन वळली आन् माझ्याकडं धावली. माझ्याकडं म्हंजी, माझ्या फुडं जमिनीकडं, हात पसरून, "आवो थांबा, थांबा" म्हणत. मी तिला झिंज्या धरून आडवी पाडली, तिच्या अंगावर बसले, तोंडात येईल त्या शिव्या दिल्या. ती मला बघतच नव्हती. माझ्या पायापाशी बघत व्हती. मी म्हणलं, बघू दे, दगड बघू दे, माती बघू दे. मी तिला हलू दिलं न्हाई. गाडी लांब जाऊन दिसंनाशी झाली तरी मी शिव्या देतच व्हते.

मंग कोंडाजी आला, भगत आला. भगतानं नुसतं हिकडंतिकडं बघितलं आन् म्हणला, हितं आता काय न्हाई.

घरी आणल्यावर मी तांदळाची पेज केली. शालूनं वाटी तोंडाला लावली आन् रिकामी केली, आणिक मागितली. दुपारपतुर तिचं अंग निवलं. रतननं बी घेतली. माझ्याकडं न बघता, पर शेवटच्या थेंबापतुर. मी चुलीपाशी बसून रडले. जित्ती ऱ्हायल्या दोघी. आज शालूला दोन लेकरं हाईत, बघा जाऊन. मी केलं त्ये बरोबर केलं, आन् पुन्यांदा बी त्येच करीन.

पर वाटी खाली ठेवल्यावर रतन बोलली. "आक्का, त्यांनी तुमचं ऐकलं."

"ऐकणारच. कवा ऐकलं न्हाई त्यानं माझं?"

"पोरीचा हात सोडला आन् तुमच्याकडं आले. तुमच्या पाया पडले."

माझा हात चुलीपाशीच ऱ्हायला.

"वाकूनच व्हते," रतन म्हणली. "डोकं तुमच्या पायावर. तुमी माझ्या अंगावर बसून वरडत व्हता. त्ये उठंनात. मी तुमाला सांगत व्हते, तुमी ऐकलं न्हाई."

"उठंना कशापायी?"

"तुमी काय तरी म्हणाल म्हणून."

धाकटं पाया पडलं की थोरल्यानं तोंडातनं काय तरी काढायचं असतं. लय जग म्हणायचं, सुखी ऱ्हा म्हणायचं. जगात कुणाचं बी पोर पाया पडलं तर मी म्हणते. मला आई नव्हती, त्याला बी नव्हती, त्याला ह्ये म्हणणारी मी एकलीच. आन् मेल्याल्या भावाला काय म्हणायचं असतं, मला अजून ठावं न्हाई. लय जग कसं म्हणू? सुखी ऱ्हा म्हणू, तर कुटं? पर काय बी म्हणलं असतं तरी त्यानं घेतलं असतं. नुसतं "बरं रं बाबा" म्हणलं असतं तरी.

मी रतनला इच्चारलं, "किती येळ वाकला व्हता?"

"गाडी दिसंनाशी होईस्तवर," ती म्हणली. "मंग आपलं आपणच उठले."